नाच कोणाचा, आठवण कोणाची? ट्विस्ट आणि त्याच्या भावंडांचा इतिहास (धागा)

१९९२ साली रॉन मान या कॅनडियन दिग्दर्शकाचा ‘ट्विस्ट’ नावाचा माहितीपट आला. त्यात प्रौढ वयातील एक स्त्री आणि एक पुरुष आपल्या शाळकरी दिवसांतील एक नाच आठवतात. नाचाचे नाव ‘स्ट्रँड’. फिलाडेल्फियातील ‘अमेरिकन बँडस्टँड’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ही दोघे नाचत असत. स्ट्रँड त्यांनी कृष्णवर्णीय मुलांकडून उचलला होता. कार्यक्रमात तो गाजला. परंतु तो कोणाकडून शिकलो हे सांगण्याची मुभा आपल्याला नव्हती, असे दोघेही कॅमेऱ्यासमोर मोकळेपणाने सांगतात. घडल्यानंतर तीसएक वर्षांनी.

अमेरिकेत १९४०च्या दशकात जन्मलेल्या पिढीसमोर स्ट्रोल, मॅडिसन, ट्विस्ट, पोनी, मॅश्ड पोटॅटो, वाटूसी, हली गली ही नावे घेतली की, सत्तरी-ऐंशीच्या माणसांचेही पाय खुर्चीखाली हलू लागतात. यांतील प्रत्येक नाचाचे आयुष्य काही महिन्यांचे. एक शिकेपर्यंत दुसरा येई. त्या आठवणींत खोटे काही नाही. मात्र ज्या चौकटीतून त्या आठवणी पाहिल्या जातात, ती चौकट एका विशिष्ट स्टुडिओत, विशिष्ट मुलांना बाहेर ठेवून तयार झाली होती. या धाग्याचा विषय ती चौकट आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सुबत्तेत अमेरिकेतील किशोरवयीन मुलांच्या हाती प्रथमच स्वतःचे म्हणावेत असे पैसे खुळखुळू लागले. १९४९ साली आरसीए कंपनीने मिनिटाला ४५ फेरे घेणारी लहान तबकडी बाजारात आणली. एका बाजूला एक गाणे, उलट बाजूला दुसरे. किंमत शाळकरी मुलाला परवडेल अशी. १९५४ पासून खिशात मावणारे ट्रान्झिस्टर रेडिओ मिळू लागले. दूरचित्रवाणी वाहिन्यांपुढे त्याच सुमारास एक व्यावहारिक अडचण होती : शाळा सुटल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंतची वेळ स्वस्तात भरून कशी काढायची? फिलाडेल्फियातील डब्ल्यूएफआयएल केंद्राला त्याचे उत्तर १९५२ साली सापडले. तबकड्या वाजवायच्या, आजूबाजूच्या शाळांतील मुलांना बोलावून नाचायला लावायचे आणि ते थेट प्रक्षेपित करायचे. नाचणाऱ्यांना मानधन द्यावे लागत नव्हते. पाहुणा गायक आला तरी तो वाजणाऱ्या तबकडीबरोबर केवळ ओठ हलवी. ‘बँडस्टँड’ या नावाने सुरू झालेला हा कार्यक्रम पाहता पाहता शहराच्या दुपारचा मालक बनला.

पहिला निवेदक बॉब हॉर्न दारू पिऊन मोटार चालवल्याच्या प्रकरणात १९५६ साली पायउतार झाला. त्याच्या जागी आला छब्बीस वर्षांचा डिक क्लार्क. गोरागोमटा, नीटनेटका, पालकांना आपल्या मुलीसाठी पसंत पडेल असा. ५ ऑगस्ट १९५७ रोजी एबीसी वाहिनीने हा कार्यक्रम देशभर दाखवायला सुरुवात केली आणि त्याचे नाव ‘अमेरिकन बँडस्टँड’ झाले. फिलाडेल्फियाच्या एका स्टुडिओत सोमवारी दिसलेली पावले शुक्रवारपर्यंत आयोवा-नेब्रास्कातील शाळांच्या व्यायामशाळांत उमटू लागली. नेहमी येणाऱ्या नर्तक मुलांना सिनेनटांसारखी चाहत्यांची पत्रे येत. त्यांच्या केशरचनेची, पेहरावाची नक्कल होई.

पेहरावाचे नियम कडक होते. मुलांना कोट आणि टाय. मुलींना तंग स्वेटर, खोल गळा वर्ज्य. रॉक अँड रोल म्हणजे गुन्हेगारीची पहिली पायरी, असे पालकांना वाटण्याचा तो काळ होता आणि त्यांची भीती घालवणे हा कार्यक्रमाच्या धंद्याचा पाया होता. हे संगीत निरुपद्रवी आहे, ही चांगल्या घरची मुले आहेत, हे रोज दुपारी पडद्यावर सिद्ध करावे लागे. ‘चांगल्या घरची’ याचा अर्थ त्या काळच्या जाहिरातदारांच्या भाषेत बहुतांशी ‘गोरी’ असा होत होता.

स्टुडिओ पश्चिम फिलाडेल्फियात, ४६व्या रस्त्याजवळ, मार्केट स्ट्रीटवर होता. आसपास कृष्णवर्णीय वस्ती वाढत होती. चालत येता येईल अशा अंतरावर ती मुले राहत होती. मंचावर कृष्णवर्णीय गायक येत आणि त्यांच्याच तबकड्यांवर कार्यक्रमाचा मोठा भाग चाले. नाचण्याच्या जागेत मात्र त्यांच्या वयाची, त्यांच्या रंगाची मुले जवळजवळ नसत. ‘कृष्णवर्णीयांना प्रवेश नाही’ अशी पाटी कुठेही लावलेली नव्हती. पत्र पाठवून आगाऊ प्रवेशपत्रिका मिळवण्याची पद्धत, नेहमीच्या मुलांना दिलेले प्राधान्य, पेहरावाच्या नियमांचा सोयीस्कर वापर, दारावरची निवड यांतून काम आपोआप साधत होते. इतिहासकार मॅथ्यू डेल्मॉन्ट यांनी या कार्यक्रमावरील आपल्या पुस्तकात त्या काळच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या आठवणी नोंदवल्या आहेत. काहींनी अर्जावर आयरिश, पोलिश, इटालियन आडनावे लिहून पत्रिका मिळवल्या होत्या. आडनाव वाचून दार उघडायचे की नाही हे ठरवणारी व्यवस्था कशी चालते, हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी.

वाहिनीला भीती कशाची होती, याचा पुरावा त्याच वर्षीचा, त्याच वाहिनीचा आहे. १९५७च्या उन्हाळ्यात एबीसीवर ॲलन फ्रीड या निवेदकाचा ‘द बिग बीट’ हा संगीताचा कार्यक्रम सुरू झाला होता. एका भागात फ्रँकी लायमन हा किशोरवयीन कृष्णवर्णीय गायक प्रेक्षकांतील एका गोऱ्या मुलीबरोबर नाचताना दिसला. दक्षिणेकडील संलग्न केंद्रांनी गहजब केला आणि कार्यक्रम बंद पडला. त्यानंतर काही दिवसांतच ‘अमेरिकन बँडस्टँड’ देशभर दिसू लागले. हा धडा स्टुडिओतील कोणालाही पुन्हा शिकवावा लागला नसणार.

फिलाडेल्फियापासून तासाभराच्या अंतरावर, डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथे याच धर्तीचा आणखी एक कार्यक्रम होत असे. १९५५ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमाचा निवेदक मिच थॉमस कृष्णवर्णीय होता आणि नाचणारी मुलेही कृष्णवर्णीय होती. त्याचे प्रक्षेपण फिलाडेल्फियात दिसे. बँडस्टँडवरील गोरी मुले हा कार्यक्रम लक्षपूर्वक पाहत आणि नव्या पावलांचा घरी सराव करून दुसऱ्या दिवशी स्टुडिओत जात, असे त्यांतील काहींनी पुढे स्वतःच सांगितले आहे. एका अर्थाने विल्मिंग्टन ही शाळा होती आणि फिलाडेल्फिया हे स्नेहसंमेलन.

‘स्ट्रोल’ हे याचे स्वच्छ उदाहरण. मुलगे एका रांगेत, मुली समोरच्या रांगेत. दिंडीत समोरासमोर उभ्या राहणाऱ्या दोन रांगा डोळ्यांपुढे आणल्या तर मांडणी ध्यानात येईल. रांगा संथपणे डुलत राहतात आणि एकेक जोडी मधल्या वाटेने, आपल्या खास ढंगात, मिरवत खाली जाते. कृष्णवर्णीय मुले चक विलिस या गायकाच्या ‘सी. सी. रायडर’ या १९५७च्या तबकडीवर हा नाच करत. विलिसला ‘स्ट्रोलचा राजा’ असे बिरुदही मिळाले. बँडस्टँडवर नाच आला तेव्हा त्याला स्वतःचे असे गाणे नव्हते. क्लार्कच्या सूचनेवरून ‘द डायमंड्स’ या कॅनडातील गोऱ्या गायकांच्या चमूने ‘द स्ट्रोल’ ध्वनिमुद्रित केले आणि १९५८च्या आरंभी ते देशात चौथ्या क्रमांकापर्यंत चढले. मिच थॉमसचा कार्यक्रम त्याच वर्षी बंद झाला. अमेरिकेच्या सामूहिक स्मृतीत स्ट्रोल राहिला तो डायमंड्सचा आणि बँडस्टँडचा.

आता ट्विस्ट. या सगळ्या कुटुंबातील हे सर्वांत यशस्वी अपत्य.

हँक बॅलर्ड हा ‘द मिडनायटर्स’ या चमूचा कृष्णवर्णीय गायक. १९५४ साली त्याची ‘ॲनी’ मालिकेतील गाणी गाजली होती. शृंगारिक शब्दांमुळे अनेक रेडिओ केंद्रांनी ती वाजवायला नकार दिला होता. ‘द ट्विस्ट’ हे गाणे त्याने १९५८च्या अखेरीस ध्वनिमुद्रित केले. फ्लोरिडातील टँपा शहरात कृष्णवर्णीय मुलांना असे कमरेतून वळत नाचताना पाहून ते सुचले, अशी एक हकिकत आहे. गाण्याची मूळ कल्पना एका भजनी चमूतील गायकाकडून मिळाली, भक्तिसंगीत गाणाऱ्याला असले गाणे शोभणार नाही म्हणून त्याने ती देऊन टाकली, अशी दुसरी. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात. किंग कंपनीने मात्र हे गाणे तबकडीच्या मागच्या बाजूला टाकले. पुढच्या बाजूला एक संथ विरहगीत होते. कंपनीला त्या विरहगीतावर भरवसा होता.

मुलांनी तबकडी उलटली. बाल्टिमोरमध्ये १९६० साली हा नाच जोरात असल्याचे क्लार्कच्या कानावर आले. बॅलर्डलाच बोलावून तो देशाला दाखवणे हा सरळ मार्ग होता. तो घेतला गेला नाही. याची कारणे निरनिराळी दिली जातात. बॅलर्डच्या जुन्या गाण्यांची ‘ख्याती’ हे त्यांतील सहज पटणारे कारण. फिलाडेल्फियातील कॅमिओ-पार्कवे या कंपनीने तेच गाणे अर्नेस्ट एव्हान्स या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाकडून गाऊन घेतले. एव्हान्स कोंबड्यांच्या दुकानात काम करता करता नामवंत गायकांच्या नकला करी. फॅट्स डॉमिनो या विख्यात गायकाच्या नावावर कोटी करून क्लार्कच्या पत्नीने त्याला नाव सुचवले : चबी चेकर. नकला करणाऱ्या मुलाने मूळ गाण्याची इतकी हुबेहूब प्रत उतरवली की, रेडिओवर ते प्रथम ऐकताना आपलेच गाणे लागले आहे असे बॅलर्डला वाटले, असे सांगतात.

६ ऑगस्ट १९६० रोजी क्लार्कच्या शनिवार रात्रीच्या कार्यक्रमात चेकरने ट्विस्ट सादर केला. १९ सप्टेंबरला गाणे ‘बिलबोर्ड’च्या यादीत पहिल्या क्रमांकावर होते. नाच शिकवण्याची चेकरची पद्धत त्याच्या यशाचा अर्धा भाग होती. दोन्ही पायांनी विडीचे जळते थोटूक विझवत आहोत आणि त्याच वेळी आंघोळीनंतर टॉवेलने पाठीमागचा भाग पुसत आहोत, अशी कल्पना करायची, झाला ट्विस्ट. जोडीदाराचा हात धरायचा नाही, त्याच्या पावलांशी पाऊल जुळवायचे नाही, शिकवणी लावायची नाही. जोडीने नाचण्याच्या पाश्चात्य परंपरेत नेणारा एक आणि मागून जाणारी दुसरी अशी विभागणी पक्की होती. ट्विस्टमध्ये ती विरघळली. मुलगी आता कोणाच्या हाताने वळत नव्हती. हा बदल फार काळ टिकणारा ठरला. नंतरच्या साठ वर्षांत जगभरचे तरुण एकमेकांसमोर सुटे उभे राहून नाचत आले आहेत, ते ट्विस्टच्याच पायवाटेवर.

कमरेची ही हालचाल १९५८ साली जन्मली असे मात्र समजू नये. गुलामगिरीच्या काळापासून कृष्णवर्णीय समाजाच्या नाचांत ती आहे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत केकवॉक, चार्ल्स्टन, ब्लॅक बॉटम, लिंडी हॉप असे एकामागून एक नाच याच समाजातून निघाले आणि दर वेळी काही वर्षांनी गोऱ्या नृत्यगृहांत ‘नवे’ म्हणून दाखल झाले. नवीन होता तो वेग. चार्ल्स्टनला अमेरिकाभर पसरायला रंगभूमी आणि चित्रपटांची साथ लागली होती. स्ट्रोलला एक आठवडा पुरला.

येथे एक कायदेशीर बाब लक्षात घेतली पाहिजे, कारण पुढचा सगळा गुंता तिच्यात आहे. गाण्याला मालक असतो. ‘द ट्विस्ट’चा गीतकार म्हणून बॅलर्डचे नाव नोंदलेले होते, त्यामुळे चेकरच्या तबकडीवरही त्याला गीतकाराचे मानधन मिळत राहिले. बॅलर्ड पूर्ण नागवला गेला असे म्हणणे म्हणूनच बरोबर नाही. परंतु नाचाला मालक नसतो. नृत्यरचनेला अमेरिकी स्वामित्वहक्क कायद्यात स्पष्ट स्थान मिळाले ते १९७६च्या कायद्याने, आणि त्यानंतरही सामाजिक नाचातील साध्या पावलांना संरक्षण नाहीच. वरातीत रुमालाचे टोक तोंडात धरून केला जाणारा नागीण नाच पहिल्यांदा कोणी केला, याची नोंद आपल्याकडे तरी कुठे आहे? ट्विस्टच्या बाबतीत टँपातील ती मुले, बाल्टिमोरमध्ये तबकडी उलटणारी ती मुले यांच्या वाट्याला ना पैसा आला ना नाव. बॅलर्डपर्यंत पोहोचून कागदपत्रांची वाट संपते.

२०१९ साली हेच पुन्हा घडले तेव्हा निदान नाव तरी सापडले. अटलांटा परिसरातील जलाया हार्मन या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीने ‘रेनेगेड’ हा नाच रचून इन्स्टाग्रामवर टाकला. टिकटॉकवर तो दुसऱ्याच, बहुतांशी गोऱ्या, किशोरवयीन तारकांच्या नावाने जगभर गेला. फेब्रुवारी २०२०मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने मूळ रचनाकाराचा शोध घेतला आणि त्याच महिन्यात तिला शिकागोतील बास्केटबॉलच्या ऑल-स्टार सामन्यात तो नाच सादर करता आला. तारीख-वार असलेली चित्रफीत हाती होती म्हणून हे शक्य झाले. १९५०च्या दशकातील दुपारचे कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत आणि बहुतेक हवेत विरून जात.

ट्विस्टच्या यशानंतर कॅमिओ-पार्कवे कंपनीने नाचगाण्यांचा कारखानाच उघडला. चेकरचे ‘पोनी टाइम’, पेनसिल्व्हेनियातील ब्रिस्टल गावातल्या मुलांच्या नाचावर बेतलेले ‘ब्रिस्टल स्टॉम्प’, डी डी शार्पचे ‘मॅश्ड पोटॅटो टाइम’, द ऑर्लन्सचे ‘वाह-वाटूसी’ ही गाणी १९६१-६२च्या दोन वर्षांत आली. क्रम आता उलटू लागला होता : आधी मुले नाचत आणि मग गाणे येई; आता आधी गाणे येई आणि नाच मागून शोधावा लागे. १९६२चे ‘द लोको-मोशन’ हे त्याचे टोक. गेरी गॉफिन आणि कॅरोल किंग या गीतकार जोडप्याने हे गाणे लिहिले तेव्हा असा कोणताही नाच अस्तित्वात नव्हता. गायिका लिटल इव्हा त्यांच्या घरी मूल सांभाळायला येत असे. गाणे पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि लोक नाच दाखवा म्हणू लागले, तेव्हा बिचारीला पावले स्वतःच जुळवावी लागली.

दरम्यान ट्विस्टचे जे व्हायचे ते झाले : तो मोठ्यांनी पळवला. १९६१च्या हिवाळ्याच्या तोंडावर न्यू यॉर्कच्या ४५व्या रस्त्यावरील ‘पेपरमिंट लाउंज’ या साध्यासुध्या बारमध्ये धनिक, नटनट्या आणि वृत्तपत्रांचे सामाजिक सदरलेखक गर्दी करू लागले. चेकरचे जुने गाणे जानेवारी १९६२मध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर आले. तीच तबकडी दोन स्वतंत्र लाटांत शिखरावर जाण्याचा असा प्रकार त्या यादीत पूर्वी घडला नव्हता. मे १९६२मध्ये माजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी आपल्या ग्रंथालयाच्या उद्घाटनाच्या भाषणात ट्विस्टवर जाहीर नाराजी व्यक्त केली. आई-वडील दिवाणखान्यात ट्विस्ट करू लागल्यावर मुलांना त्यात रस उरला नाही, आणि वाटूसीचे फावले.

ही लाट मुंबईलाही पोहोचली. मेहमूद दिग्दर्शित ‘भूत बंगला’ (१९६५) या चित्रपटातील, मन्ना डे यांनी गायलेले ‘आओ ट्विस्ट करें’ हे राहुलदेव बर्मन यांचे गाणे चबी चेकरच्या ‘लेट्स ट्विस्ट अगेन’वर बेतलेले आहे. मुंबईच्या पडद्यावर आलेली ही प्रत प्रतीवरून उतरवलेली होती. हँक बॅलर्ड हे नाव इथवर येईपर्यंत वाटेतच गळून पडले होते. आजही ट्विस्ट म्हटले की आपल्याकडे चटकन ओठांवर येते ते चेकरचे नाव, नाहीतर मेहमूदचे.

या इतिहासातील सर्वांत कडवट प्रकरण बाल्टिमोरचे आहे. तेथील डब्ल्यूजेझेड केंद्राने बँडस्टँड न दाखवता १९५७ पासून स्वतःचा ‘बडी डीन शो’ चालवला. आठवड्यातून सहा दिवस, दोन-दोन तास. नेहमीच्या नर्तक मुलांना ‘कमिटी’ म्हणत आणि कमिटीत निवड होणे ही शहरातील किशोरवयीन मुलांच्या दृष्टीने सर्वोच्च प्रतिष्ठा होती. ओहायोतील कोलंबस शहरात उगम पावलेला ‘मॅडिसन’ हा रांगेने करायचा नाच १९६० साली याच कार्यक्रमाने लोकप्रिय केला. रांगेत उभे राहायचे आणि पुकारा करणारा जे नाव घेईल ती आकृती पावलांनी काढायची. (१९६४ साली गोदार यांच्या ‘बांद आ पार’ या फ्रेंच चित्रपटात तिघे जण पॅरिसच्या कॅफेत जो नाच करतात, तो हाच मॅडिसन.) मॅडिसनही कृष्णवर्णीय समाजातला. कमिटी मात्र पूर्ण गोरी. कृष्णवर्णीय मुलांसाठी ठरावीक दिवस राखून ठेवलेले असत. त्या दिवशी फक्त तीच नाचत. नाच एक, गाणी एक, वार वेगळा.

ऑगस्ट १९६३मध्ये वर्णभेदविरोधी विद्यार्थ्यांनी ही मांडणी मोडली. कृष्णवर्णीयांच्या राखीव दिवशी गोरी मुलेही आत शिरली आणि थेट प्रक्षेपणात दोन्ही रंगांची मुले एकत्र नाचली. त्याच महिन्याच्या अखेरीस बाल्टिमोरपासून तासाभराच्या अंतरावर, वॉशिंग्टनमध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांचे सुप्रसिद्ध भाषण झाले, हे काळाचे भान येण्यासाठी लक्षात ठेवावे. केंद्राला धमक्या आल्या, पालकांनी पत्रांचा पाऊस पाडला. कार्यक्रम सर्वांसाठी खुला करावा की जुन्या पद्धतीने चालवावा, या पेचातून केंद्राने तिसराच मार्ग काढला. ४ जानेवारी १९६४ रोजी ‘बडी डीन शो’ कायमचा बंद करण्यात आला. एकत्र नाचण्यापेक्षा न नाचणे त्यांना सोपे वाटले.

बाल्टिमोरचाच जॉन वॉटर्स लहानपणी हा कार्यक्रम आसुसून पाहत असे. १९८८ साली त्याने त्यावर ‘हेअरस्प्रे’ हा चित्रपट काढला. त्यातील काल्पनिक कार्यक्रमात शेवटी सर्व मुले एकत्र नाचतात, वर्णभेदाचा पराभव होतो. २००२ साली त्यावरून ब्रॉडवेवर संगीतिका आली, तिने आठ टोनी पुरस्कार पटकावले, आणि २००७ साली तिच्यावरून पुन्हा चित्रपट निघाला. वॉटर्सला खरा शेवट ठाऊक होता. तो कधी घडला नाही म्हणून आपण तसा लिहिला, हे त्याने लपवलेले नाही. मात्र जगभरच्या शाळांत ही संगीतिका बसवणाऱ्या आणि पाहणाऱ्या लाखोंना ४ जानेवारी १९६४ ही तारीख माहीत असण्याचे कारण नाही. त्यांच्या आठवणीत बाल्टिमोरची मुले जिंकली आहेत.

डिक क्लार्कची गोष्ट याहून सरळ आणि म्हणून अधिक अस्वस्थ करणारी. १९७६ साली त्याने आत्मचरित्र लिहिले. त्याचे नावच ‘रॉक, रोल अँड रिमेंबर’. कार्यक्रमाची सूत्रे हाती आल्यावर आपण तो कृष्णवर्णीय मुलांसाठी खुला केला, असे तो पुढे मुलाखतींतून अनेकदा सांगत राहिला. त्याच्यासारख्या लोकप्रिय माणसाच्या तोंडून आलेली ही गोष्ट दीर्घकाळ वस्तुस्थिती म्हणून छापली गेली. डेल्मॉन्ट यांचे ‘द नायसेस्ट किड्स इन टाउन’ हे पुस्तक २०१२च्या आरंभी प्रसिद्ध झाले. तत्कालीन वृत्तपत्रे, छायाचित्रे, मुलाखती यांच्या आधारे त्यांनी दाखवून दिले की, कार्यक्रम फिलाडेल्फियात होता तोपर्यंत नाचणाऱ्यांत कृष्णवर्णीय मुले अपवादानेच होती. फेब्रुवारी १९६४मध्ये कार्यक्रमाने लॉस एंजेलिसला मुक्काम हलवला. क्लार्क जाणूनबुजून खोटे बोलत होता की, अनेक वर्षे सांगून सांगून त्याला ते खरे वाटू लागले होते, याचा निर्णय कागदपत्रांवरून होत नाही. मंचावर कृष्णवर्णीय गायक होते, हे खरेच होते. स्मृतीने त्यांना एक-दोन पायऱ्या खाली उतरवून नाचणाऱ्यांत मिसळले असावे.

मानसन्मानांचा क्रम पाहिला तर वेगळीच गंमत दिसते. बॅलर्डला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये १९९० साली स्थान मिळाले. चबी चेकर बाहेरच राहिला. २००१ साली त्याने ‘बिलबोर्ड’मध्ये पानभर जाहिरात देऊन, आपण जगाला दिलेल्या नाचाबद्दल आपला पुतळा उभारावा अशी मागणी केली. लोक हसले. सुटे उभे राहून नाचण्याची पद्धत जगभर पोहोचवण्याचे श्रेय तो मागत होता, आणि त्यात त्याचा वाटा होताच. दुसऱ्याच्या गाण्याची प्रत काढायला सांगितलेला तो एक कृष्णवर्णीय मुलगा होता. त्याला खलनायक ठरवून हा इतिहास सोपा करता येत नाही. हॉल ऑफ फेमने त्याला घेतले ते २०२५ साली, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी. बॅलर्ड २००३ सालीच निवर्तला होता.

फिलाडेल्फियातील स्टुडिओच्या इमारतीची १९८६ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत नोंद झाली. विल्मिंग्टनच्या मिच थॉमसचे नाव दीर्घकाळ तेथील जुन्या प्रेक्षकांपुरतेच उरले होते.

स्ट्रोल मात्र मेला नाही. १९७० साली डॉन कॉर्नेलियस या कृष्णवर्णीय निवेदकाने शिकागोच्या एका स्थानिक वाहिनीवर ‘सोल ट्रेन’ सुरू केला आणि पुढच्या वर्षी तो देशभर दिसू लागला. निर्माता तोच, मालक तोच, नाचणारी मुले कृष्णवर्णीय. तो २००६ सालापर्यंत चालला. प्रत्येक भागात एक क्षण असा येई की, मुले दोन रांगांत समोरासमोर उभी राहत, मधली वाट मोकळी होई आणि एकेक जोडी आपापल्या ढंगात तीमधून नाचत पुढे येई. प्रेक्षक त्याला ‘सोल ट्रेन लाइन’ म्हणू लागले. विल्मिंग्टनच्या स्टुडिओत १९५७ साली ज्यांनी हीच वाट चालून पाहिली होती ती मुले तोवर तिशीत पोहोचली होती, आणि शनिवारी सकाळी त्यांची मुले टीव्हीसमोर तो नाच शिकत होती.